रेघेवरच्या माश्या

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने काय करू नये, याबद्दल माझ्या नवऱ्याची मतं पक्की आहेत. केस काळे करू नयेत, मुलांच्या मित्रांशी मैत्री करू नये आणि पीएचडी करू नये. पहिल्या दोन गोष्टी मी केल्या नाहीत. तिसरी केली, आणि तीही मेंदूच्या पेशींवर. स्वतःच्या मेंदूची खात्री नसताना दुसऱ्याच्या मेंदूत शिरायला जो निलाजरेपणा लागतो, तो माझ्यात भरपूर निघाला. दुसऱ्याच्या म्हणजे माशीच्या.

अहेरीकडच्या एका लहान कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. वीस वर्षं फळ्यावर बेडकाचं हृदय काढून झालं आणि एक दिवस वरून फर्मान आलं, पीएचडी नाही तर बढती नाही. त्यासरशी आमच्या स्टाफरूममध्ये ज्ञानाची अशी काही तहान लागली की विचारू नका. ज्यांनी दहा वर्षांत ग्रंथालयाची पायरी चढली नव्हती ते सकाळी साडेदहाला संदर्भ शोधताना दिसू लागले. मीही चंद्रपूरला जाऊन एक गाइड गाठले. गाठले म्हणजे त्यांच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर तीन वेळा बसून आले.

सरांकडे शीर्षक आधीच तयार होतं. 'अमुक वनस्पतीची मेंदूच्या पेशींवरील परिणामकारकता : फळमाशीवरील प्रयोग.' फक्त अमुकची जागा रिकामी. माझ्या आधीच्या तिघांनी तीन वनस्पती भरल्या होत्या आणि तिन्ही परिणामकारक निघाल्या होत्या. सरांच्या हाताखाली विद्यार्थी नापास व्हायचे, वनस्पती कधीच नाही.

"तुम्ही तर जंगलातच राहता मॅडम," सर म्हणाले. "पारंपरिक ज्ञानाचा खजिना आहे तुमच्याकडे. एखादी मुळी आणा."

मी खजिना शोधायला आठवडी बाजारात गेले. तिथे भामरागडकडची एक म्हातारी बाई मुळ्या, साली, वाळलेली फळं मांडून बसायची. मी शास्त्रज्ञाला शोभेल अशा गंभीरपणे विचारलं, "बाई, डोक्यासाठी काही आहे का? आठवण राहावी म्हणून?"

"कोनाले राहत नाई? तुले?"

"मलाच समजा."

"मंग वही ठेव," बाई म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी हटले नाही. शेवटी तिने एक गाठीची तपकिरी मुळी पुढे सरकवली. कशाची, विचारलं तर म्हणाली, "बैलाले देतो. पोट फुगला का." मी घरी येऊन प्रामाणिकपणे तसंच लिहिलं. सरांनी वाचलं, बैलावर काट मारली, पोटावर काट मारली आणि उरलं त्यावर समाधानाने मान हलवली. "म्हणजे लोकांमध्ये औषधी वापर आहे. छान." अशा रीतीने अमुकची जागा भरली.

आता प्रयोग काय, ते थोडक्यात सांगते. माशी म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावते ती बारीक फळमाशी. ती दोन-अडीच महिने जगते आणि माणसासारखीच म्हातारी होते. तिच्या मेंदूतल्या काही पेशी थकल्या की तिला वर चढवत नाही. वीस माश्या काचेच्या नळीत घ्यायच्या, नळी गादीवर आपटायची, सगळ्या तळाशी पडतात. मग दहा सेकंदांत किती जणी नळीवर ओढलेल्या रेघेच्या वर चढल्या ते मोजायचं. अर्ध्या माश्यांना साधं खाणं, अर्ध्यांना मुळीचा अर्क घातलेलं. म्हातारपणी कोण जास्त चढतं ते पाहायचं. एवढ्यावर माणूस डॉक्टर होतो.

माश्यांना बारा महिने पंचवीस अंशांत ठेवावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पंचवीस अंश फक्त स्वप्नात असतात. कॉलेजात थंड राहणारं एक कपाट होतं, पण त्यात स्टाफच्या पाण्याच्या बाटल्या असायच्या; आणि इन्व्हर्टर होता तो प्राचार्यांच्या केबिनपुरता. शेवटी रीतसर अर्ज करून ते कपाट टेम्पोत घालून मी घरी आणलं आणि मागच्या खोलीत घरच्या इन्व्हर्टरला जोडून ठेवलं. त्या दिवसापासून आमच्या घरी मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट घालून रोज एक खीर शिजू लागली. घरची माणसं पोह्यांची वाट पाहत बसायची आणि मी माश्यांचा नाश्ता ढवळत असायची. नवरा एकदाच म्हणाला, "पुढच्या जन्मी सहा पाय दे म्हणावं देवाला."

मोजायचं काम मात्र मला जमेना. माझी नजर गेली होती, आणि चष्मा लावायला मी तयार नव्हते. पीएचडी करणारी बाई तरुण दिसली पाहिजे, अशी माझी एक खुळी समजूत होती. दहा सेकंदांत नळीतले काळे ठिपके हलायचे आणि मी अंदाजे काहीतरी लिहायची. हे मागे खाटेवर बसलेले माझे सासरे बघत होते.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी चाळीस वर्षं तेंदूपत्त्याच्या फळीवर मुनशी होते. उन्हाळ्यात गावोगावच्या बाया जंगलातून पानं तोडून, सत्तर-सत्तरचे पुडे बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, आणतात. तिथे पुडे मोजून घेणारा तो मुनशी. समोर शेकड्यांनी पुडे, बायांची गर्दी, अंधार पडायला आलेला, आणि चुकलं तर पन्नास तोंडं एकदम उघडणार. त्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला वीस माश्या म्हणजे काय!

"सरक," मामाजी म्हणाले. "तू वही धर. मी बोलतो."

त्यांनी नळीकडे नुसतं पाहिलं आणि बोलले, "तेरा." बोटही लावलं नाही. मी तीन-चार वेळा मोबाईलवर फोटो काढून ताडून पाहिलं. माणूस बरोबर होता. मग मी ताडून पाहणं सोडलं. मामाजींना वाचायला सोपं जावं म्हणून अर्क पाजलेल्या नळ्यांवर मी मार्करने ठळक लिहून ठेवलं, 'दवाई'. उरलेल्यांवर 'साधी'. हे वाचून ज्या वाचकाला हसू आलं असेल, त्याने सरांच्या जागी बसायला हरकत नाही. सरांना आलं नव्हतं.

दीड वर्ष असं चाललं. मामाजी बोलायचे, मी लिहायची. आणि काय सांगू, मुळी लागू पडली! म्हाताऱ्या झालेल्या दवाईच्या माश्या साध्या माश्यांपेक्षा जास्त चढत होत्या. फार नाही, नळीमागे एखाद-दुसरी. पण प्रत्येक वेळी. सरांनी आलेख पाहिला आणि पहिल्यांदा मला चहा विचारला.

रेण्वीय जीवशास्त्राचं एक प्रकरणही हवं होतं, त्याशिवाय प्रबंध जाड होत नाही. त्यासाठी मी काही शे माश्यांची मुंडकी बारीक चिमट्याने वेगळी केली, मासळीवाल्याकडून बर्फ घेतला, डब्यात घातली आणि एसटीने चंद्रपूरला नेली. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "मासोळ्या का?" मी हो म्हटलं. तिथून सरांनी ती परगावच्या एका खाजगी लॅबला पाठवली. महिन्याने ईमेलवर रंगीत आलेख आले. त्यांतून हो म्हणता येत होतं आणि नाहीही म्हणता येत होतं. सरांनी हो म्हटलं. "चढण्याचे आकडे आपल्या बाजूने आहेत ना? मग हेही त्याच बाजूने वाचायचं." म्हणजे सगळा डोलारा शेवटी मामाजींच्या डोळ्यांवर उभा होता.

पद्धतीचं प्रकरण मी कसं लिहिलं, तेही सांगून टाकते. आधीच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून उतरवून. त्याने त्याच्या आधीच्याचं उतरवलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'मोजणाऱ्या व्यक्तीस कोणती नळी कोणत्या गटाची आहे हे माहीत नव्हते.' मी ते अक्षरशः तसंच घेतलं. वाक्य भारदस्त होतं, आणि त्याचा अर्थ काय, हा विचार करायची सवय इतक्या वर्षांच्या नोकरीत सुटली होती.

मग पावसाळ्यात मला चष्मा लागला. म्हणजे लागला कधीचाच होता, पण वर्गात मी एका मुलीला तिच्याच मैत्रिणीच्या नावाने तीन दिवस हाक मारली तेव्हा नवऱ्याने दुकानात नेऊन बसवलं. चष्मा घालून त्या संध्याकाळी मी वही धरून बसले. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. दिवाळीच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं गेली. ही शेवटची मोजणी, तीही उगाच, तक्त्यात एक रांग कमी होती म्हणून.

मामाजींनी साधी नळी आपटली. "तेरा."

मलाही रेघेच्या वर तेरा दिसल्या. शिवाय एक माशी बरोबर रेघेवर होती, अर्धी वर, अर्धी खाली.

दुसरी नळी, दवाईची. "चौदा."

मला पुन्हा तेरा. आणि एक रेघेवर.

"मामाजी," मी म्हटलं, "पहिल्या नळीत एक रेघेवर होती ना?"

"होती."

"मग धरली नाही?"

"साध्या ढिगातली हाये ना ते. हलक्या ढिगातला शंकेचा पुडा आपन धरत नाई."

"आणि दुसरीतली धरली?"

"थे दवाईची व्हय ना. माल चांगला असला का एका पुड्यापायी आडून बसाचं नाई. बाया बोंबलतात." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "काऊन? का झालं?"

काय झालं ते मला कळायला दोन मिनिटं लागली. नळीमागे एखाद-दुसरी माशी. मुळीचा गुण तेवढाच होता, आणि रेघेवरच्या माश्याही तेवढ्याच. दीड वर्ष मी मेंदूचा अभ्यास करत नव्हते. तेंदूपत्त्याच्या फळीवर बसले होते.

मामाजींना मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला.

"असं बघा मॅडम," सर म्हणाले, "रेघेवरच्या माश्या कोण पाहतं?"

"माझे सासरे पाहतात सर."

"त्यांचं नाव प्रबंधात आहे का?"

"नाही."

"मग झालं. ते नव्हतेच. तुम्ही मोजलं. आणि हे बघा, आपलं हे बोलणं झालंच नाही." फोन ठेवताना त्यांनी आठवण करून दिली की दिवाळीला दोन महिने उरलेत, आणि बाहेरच्या परीक्षकांना ताडोबा दाखवायचं ठरलंय. विज्ञानाचं त्यांचं जेवढं नियोजन नव्हतं, तेवढं जंगलसफारीच्या जिप्सीचं होतं.

खरं सांगते, मला सरांचं पटलं होतं. पुरते चार दिवस पटलं होतं. मी मनाशी म्हणत होते की आधीच्या तिघांनी तरी काय केलं असेल, आणि एक मुळी मेंदूला चांगली ठरली तर कुणाचं काय बिघडतं? माणसं आपली सहा वर्षं वाचवायला जेवढी हुशारी वापरतात तेवढी ती सहा वर्षं करताना वापरत नाहीत. पाचव्या दिवशी खीर ढवळताना ते उतरवलेलं वाक्य आठवलं. 'हे माहीत नव्हते.' आणि समोर नळ्यांवर माझ्याच अक्षरात 'दवाई' लिहिलेलं. मला स्वतःची इतकी चीड आली की खीर खाली लागली.

कपाटात माश्यांची एक नवी खेप होती, म्हातारी व्हायला आली होती. मी नवऱ्याला कामाला लावलं. तो प्रत्येक खेपेला माश्या रिकाम्या नळ्यांत घालायचा, म्हणजे खाण्याचा रंग दिसू नये. नळीवर फक्त आकडा टाकायचा, आणि कोणता आकडा कुणाचा त्याची चिठ्ठी तूरडाळीच्या डब्यात पुरायचा. मला आणि मामाजींना बघायची मनाई. आता मामाजींना सांगणं भाग होतं. चाळीस वर्षांच्या मुनशीला तुमची मोजणी चुकली म्हणायचं म्हणजे मला धडकीच भरली होती. मी फार गोल गोल बोलले. अंध पद्धत, पूर्वग्रह, वस्तुनिष्ठता, असं बरंच.

मामाजी सगळं ऐकून म्हणाले, "मले पहिलेच काऊन नाई सांगतलं?"

"काय?"

"कोनता ढीग कोनाचा हाये थे मुनशीले माहीत नाई पडाले पाह्यजे म्हनून. अवं, तुही सासू पुडे आनत होती फळीवर, तं मी तिचे पुडे चाळीस वर्षांत एकडाव मोजलो नाई. दुसऱ्याले बसवत होतो आन् पाठ करून बिडी ओढत होतो. घरच्या मानसाचा शंकेचा पुडा हात आपोआप चांगल्यात टाकते. आपल्याले समजत बी नाई." मग जरा खालच्या आवाजात, "आन् तू तं बाटलीवर मोठ्ठ्या अक्षरानं लिहून ठेवली दवाई. मले वाटलं तुह्या कॉलेजात असंच करत असन. तुह्या दवाईकडून होतो ना मी बी. सहा सालापासून पाहून राह्यलो तुले."

सरांच्या लॅबमध्ये भिंतीवर चार प्रमाणपत्रं आणि एक सूक्ष्मदर्शकाचं चित्र होतं. तिथे हे कुणालाही ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं ते उतरवून काढलं होतं. आणि ज्याला खरंच ठाऊक होतं तो माझ्याच मागच्या खोलीत खाटेवर बसून मी सांगितलं तसं मोजत होता, कारण मी शिकलेली होते.

दीड महिना आम्ही मोजलं. रेघेवरची माशी कुठेच धरायची नाही, असं ठरवून. शेवटच्या दिवशी नवऱ्याने डाळ उपसली, चिठ्ठ्या काढल्या, मी बेरजा केल्या. दोन्ही गट सारखे. म्हातारी माशी ती म्हातारी माशी, मुळी खा नाहीतर गूळ खा.

मी ते तसंच लिहिलं आणि जुनी दीड वर्षाची मोजणी का टाकली, तेही लिहिलं. ते घेऊन चंद्रपूरला गेले. सरांनी शेवटचा तक्ता पाहिला. ते नकार देतील, सही करणार नाहीत, असं धरून मी एसटीत भाषण तयार केलं होतं. पण सरांची अडचण वेगळी होती. त्यांच्या नावावर त्या वर्षी एकही विद्यार्थी पूर्ण होत नव्हता. त्यांनी पेन काढलं, शीर्षकातली 'परिणामकारकता' खोडली आणि वर लिहिलं, 'परिणाम : एक अभ्यास'. "असं करा," म्हणाले, "म्हणजे काहीही निघालं तरी चालतं." इतकी वर्षं मी समजत होते, सर खोट्याच्या बाजूने आहेत. ते कुठल्याच बाजूने नव्हते. त्या भ्रमात मी त्यांना थोडा मान देत होते, तोही गेला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे औषधाचा उपयोग नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"पुढील संशोधनास वाव आहे," सर मागून म्हणाले. परीक्षकांनी मान हलवली, घड्याळ पाहिलं. जिप्सी उभी होती. मी डॉक्टर झाले.

पुढच्या बाजारात मी त्या म्हातारीला मुद्दाम भेटले. तिचंही काही देणं लागतं असं वाटत होतं. म्हटलं, "बाई, तुमची मुळी माश्यांना पाजून पाहिली दीड वर्ष. काही चालली नाही."

बाई म्हणाली, "माशीले बैलाची दवाई कायले देल्ली वं?"

संशोधन समितीने हा प्रश्न विचारायला हवा होता. सहा वर्षांत चार बैठका झाल्या, समोसे प्रत्येक वेळी गरम होते.

प्रबंधाची काळी, सोनेरी अक्षरांची प्रत घरी आली तेव्हा मामाजींनी ती धोतराला हात पुसून घेतली. इंग्रजी त्यांना येत नाही. पानं उलटत ते आकड्यांच्या तक्त्यांशी थांबायचे, बोट फिरवायचे, ओठ हलवायचे. एका ठिकाणी बेरीज पुन्हा करायला लावली. ती बरोबर निघाली, तेव्हा जरा हिरमुसले. मग म्हणाले, "माह्यावाला कुठी हाये?"

आभाराच्या पानावर ते होते, पण त्यांना ते पान नको होतं. मी पद्धतीचं प्रकरण उघडलं आणि मराठीत सांगितलं, "मोजणाऱ्या व्यक्तीस कोणती नळी कोणत्या गटाची आहे हे माहीत नव्हते."

"बराबर," मामाजी म्हणाले. "आन् रेघेवरच्या?"

"रेघेवरील माश्या दोन्ही गटांत धरल्या नाहीत."

"बराबर हाये." त्यांनी प्रबंध मिटून उशाशी ठेवला आणि कपाटाकडे हात केला. "तीन बाटल्या उरल्या हायेत अजून. त्याहीचं खानं केलं का आज?"